फुकटचे पार्किंग कोणाच्या खर्चाने?
(उत्सवातील भाषणाचा सारांश)

आपल्यापैकी अनेकजण बंगळूरुच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला आहेत. एका गाडीत एकच माणूस, आणि सिल्क बोर्डाच्या चौकात सगळेच अडकलेले! ऑगस्ट २०२५ मध्ये मेट्रोची पिवळी लाइन तिथवर आली, तरी अनेकांची गाडी सुटत नाही. कारण ऑफिसात पार्किंग फुकट. तळघरात एका गाडीला, ये-जा करण्याच्या वाटेसह, सुमारे ३० चौरस मीटर जागा लागते. तो खर्च कंपनी सोसते. बसने येणाऱ्याच्या वाट्याला बहुधा काहीच येत नाही.

आपल्यातल्या अधिकारी मंडळींनी एवढे करावे. पार्किंग न घेणाऱ्याला पासाचे पैसे द्यावेत. स्टेशनपासून गेटपर्यंत शटल ठेवावी. सहकाऱ्याच्या गाडीतून येणाऱ्याला उशीर झाल्यास घरी पोचवण्याची हमी द्यावी.

मग संध्याकाळच्या आरतीला सगळेच वेळेवर पोचतील. गणपतीबाप्पा मोरया!