तळे आणि सीनेट
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चवदार तळ्याच्या शेजारी राहणाऱ्या आपल्याला २० मार्च १९२७ या दिवसाची माहिती नव्याने द्यायला नको. पण त्याच वर्षी बाबासाहेबांनी मुंबई विद्यापीठाच्या कारभारासंबंधीही एक मागणी केली होती. ती आपल्याकडे फारशी बोलली जात नाही, म्हणून आज तिच्याविषयी दोन शब्द सांगते.

१९१८ ते १९२० या काळात बाबासाहेब सिडनॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी शिवू नये, असे तेथील काही सहकाऱ्यांचे म्हणणे होते, हे चरित्रकारांनी नोंदविले आहे. एवढे शिकूनही ही गत!

१९२७ साली ते मुंबई कायदेमंडळाचे सभासद झाले. विद्यापीठाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक तेथे आले, तेव्हा जुलैत आणि पुन्हा ऑक्टोबरात ते त्यावर बोलले. विद्यापीठाच्या सीनेटमध्ये मागासलेल्या वर्गांचे प्रतिनिधी हवेत, असा त्यांचा आग्रह होता. मुलाला शाळेत घातले म्हणजे काम संपत नाही; नियम जेथे ठरतात तेथेही आपले माणूस हवे.

हे महाडकरांना वेगळे पटवून द्यायला नको. नगरपालिकेने १९२४ सालीच तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला होता. ठराव दप्तरात राहिला नि तहानलेली माणसे काठावर राहिली. पुढे ऑगस्ट १९२७ मध्ये तो ठरावही मागे घेतला गेला. हायकोर्टाचा निकाल मिळायला मार्च १९३७ उजाडला.

पुढे बाबासाहेब सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली व १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज सुरू केले.

डिसेंबर १९२७ मध्ये याच महाडात ते स्त्रियांशीही बोलले. मुलींना शिकवा, असे त्यांनी सांगितले. आज मुली शिकतात. कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. पण पुष्कळदा रजिस्टरच घरी येते, आपण पदराला हात पुसून सही करतो नि ते परत जाते. बैठक कधी झाली, काय ठरले, कोणी विचारीत नाही.

भगिनींनो, पुढच्या बैठकीला स्वतः जा. ठराव मोठ्याने वाचून घ्या, मगच सही करा.