न घडलेला पेचप्रसंग

जे घडले त्याचीच चौकशी करावी, जे घडले नाही त्याच्या वाटेस जाऊ नये, असा इतिहासकारांचा दंडक आहे आणि तो बहुतांशी योग्यही आहे. परंतु अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणूक-पद्धतीचा विचार करताना न घडलेल्या एका प्रसंगाकडे पाहिल्यावाचून गत्यंतर नाही, असे मला वाटते.

1968 सालच्या अध्यक्षीय निवडणुकीत निक्सन यांना 301, हम्फ्री यांना 191 आणि वर्णभेदाचे कट्टर पुरस्कर्ते वॉलेस यांना 46 निर्वाचक-मते मिळाली; बहुमतास 270 लागत. एकट्या कॅलिफोर्नियाची 40 मते, जी निक्सन यांनी सुमारे सव्वादोन लाख मतदारांच्या आधिक्याने मिळविली, ती हम्फ्री यांच्या पदरात पडली असती, तर निक्सन 261 वर अडकले असते आणि आपल्या 46 मतांच्या मोबदल्यात कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांचा सौदा करण्यास वॉलेस मोकळे झाले असते. तो सौदा फिसकटला असता तर निवड प्रतिनिधिगृहाकडे गेली असती, आणि तेथे 38 प्रतिनिधींच्या कॅलिफोर्नियालाही एकच मत, एकुलता एक प्रतिनिधी धाडणाऱ्या अलास्कालाही एकच! लोकशाहीची याहून उघड विटंबना कोणती?

असा पेच 1801 साली खरोखरच पडला होता. जेफर्सन आणि बर या उमेदवारांची निर्वाचक-मते समसमान, प्रत्येकी 73, झाल्यामुळे प्रतिनिधिगृहास 36 वेळा मतदान घ्यावे लागले, आणि असे पुन्हा होऊ नये म्हणून पुढे 1804 साली बारावी घटनादुरुस्ती अमलात आली. 1968 चे संकट मात्र दारावरून परत गेले. त्याच्या धास्तीने प्रतिनिधिगृहाने 1969 च्या सप्टेंबरात प्रत्यक्ष लोकमताने अध्यक्ष निवडण्याची दुरुस्ती 338 विरुद्ध 70 मतांनी संमत केली, खुद्द निक्सन यांनीही तिला अनुमोदन दिले; परंतु वर्षभरात ती धास्ती ओसरली, आणि सिनेटमध्ये दक्षिणेच्या व लहान राज्यांच्या सभासदांनी भाषणे लांबवून ठराव अडवून धरला. चर्चा बंद करण्याच्या बाजूने 54 मते पडली, विरुद्ध 36. दोन-तृतीयांशांस ती थोडकी पडली.

कॅलिफोर्नियाचा कौल फिरला असता तर देशाने तो सौदा उघड्या डोळ्यांनी पाहिला असता, आणि मग सिनेटला ही दुरुस्ती अडविणे साधले नसते, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढे 2000 आणि 2016 साली कमी लोकमते मिळविणारे उमेदवार अध्यक्षपदी बसले, तरीही ती दुरुस्ती आजतागायत झालेली नाही.