दिसतील तेवढ्याच ओळी

एखाद्या घाऊक औषधविक्रेत्याच्या संगणकात एक लाख बिले आहेत असे धरू या. प्रत्येक बिलाचे 10 रकाने, म्हणजे 10 लाख चौकटी. पडद्यावर मात्र एका वेळी फार तर 40 ओळी मावतात. तरीही कित्येक प्रोग्राम यादी उघडताच सगळी बिले मेमरीत ओढतात. तोवर पडदा गोठलेला, आणि गिऱ्हाईक काउंटरवर ताटकळलेले.

यावरचा उपाय जुना आहे. 1970च्या दशकाच्या अखेरीस ट्रिग्वे रीन्स्काउग यांनी झेरॉक्स पार्क या कॅलिफोर्नियातील संशोधनकेंद्रात माहिती आणि तिचे पडद्यावरचे रूप वेगळे ठेवण्याची मांडणी केली. प्रोग्राममधले आजचे अनेक तक्ते तिच्यावर उभे आहेत. जावा या प्रोग्रामिंग भाषेतला 'जेटेबल' हा तक्ता प्रत्येक चौकटीसाठी नवी वस्तू घडवत नाही. रबरी शिक्क्यासारखा एकच घटक दिसणाऱ्या चौकटींवर उमटवत जातो. मायक्रोसॉफ्टच्या 'डेटाग्रिडव्ह्यू'मध्ये व्हर्च्युअल मोड सुरू केला, की चौकट दाखवायच्या वेळीच तक्ता तिचा मजकूर मागतो.

माहिती आणायची तीही हप्त्याहप्त्याने. 'क्यूट' या सॉफ्टवेअर-संचातले तयार क्वेरी मॉडेल एसक्यूलाइट या डेटाबेसमधून आधी 256 ओळीच उचलते, आणि खाली सरकत जावे तशा पुढच्या.

पडद्यावरचा तक्ता ताजा करतानाची चूक अधिक त्रासाची. एका बिलाची रक्कम बदलली म्हणून जेटेबलला 'सगळेच बदलले' असे कळवले, तर वापरणाऱ्याने निवडलेली ओळ सुटते. दर पाच सेकंदांनी असे होऊ लागले तर माणसाने काम करायचे कसे? 'अमुक ओळ बदलली' एवढेच कळवले, की निवड टिकते. पडदा गोठू नये म्हणून डेटाबेसशी बोलणे वेगळ्या थ्रेडवर, म्हणजे प्रोग्राममधल्या समांतर चालणाऱ्या धाग्यावर, हवे. पडद्याला हात मात्र मुख्य थ्रेडनेच लावायचा. त्यासाठी जावाने 2006मध्ये सहाव्या आवृत्तीत 'स्विंगवर्कर' दिला.

हप्त्याने माहिती आणण्यात एक धोका आहे, आणि तो हिशेबाच्या कामात गंभीर ठरतो. रकमेच्या रकान्यावर क्लिक करून सर्वांत मोठे बिल वर आणायचे ठरवले आणि प्रोग्रामने हाताशी असलेल्या 256 ओळींचीच क्रमवारी लावली, तर वर आलेले बिल सर्वांत मोठे असेलच असे नाही. पडद्यावर ते बेधडक पहिले दिसते. म्हणून क्रमवारी, शोध आणि बेरीज ही कामे डेटाबेसकडेच सोपवावी लागतात. तिथे रकमेवर इंडेक्स, म्हणजे क्रमाने लावलेली सूची, असेल, तर लाख बिलांतूनही पहिल्या 40 ओळी चटकन हाती येतात.