तव्यावरची पालेभाजी आणि आपली वाटी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा मोठे व्याख्यान माझ्याकडून होणार नाही. वीस-बावीस वर्षे स्वयंपाकघरात जे हाताला कळले आणि जाणत्यांकडून जे कानावर पडले, तेवढेच सांगते. विषय साधाच आहे : तव्यावर भाजलेली पालेभाजी.

आपले कोल्हापूर तांबड्या-पांढऱ्या रश्शाचे म्हणून प्रसिद्ध. परंतु कपिलतीर्थ मंडईत सकाळी फेरी मारली, तर मेथी, पोकळा, शेपू, करडई, तांदळी, लाल माठ यांच्या जुड्या दिसतात. आपण त्या आणतो, निवडतो, आणि पुष्कळ घरी पातेलेभर पाण्यात उकडून, पिळून, ते पाणी मोरीत ओततो. भगिनींनो, जीवनसत्त्व ‘क’ आणि रक्त तयार व्हायला लागणारे फोलेट ही दोन्ही पाण्यात उतरणारी. पाणी ओतले की तीही गेली. म्हणून चाकवताचा गरगटा करायचा, तर ते पाणी त्यातच जिरवावे. बाकीच्या भाज्या तव्यावर भाजाव्यात.

कृती अशी. भाजी चिरण्याआधी दोन-तीन पाण्यांतून धुवावी. चिरून धुऊ नये. मग फडक्यावर पसरून चांगली निथळू द्यावी. ओली भाजी भाजली जात नाही, उकडली जाते. लोखंडी तवा किंवा कढई चांगली तापवावी. दोन चमचे तेल, ठेचलेल्या आठ-दहा लसूण पाकळ्या आणि दोन मिरच्या घालाव्यात. लसूण तांबूस झाली की भाजी दोन वेळा करून टाकावी, एकदम ढीग घालू नये. आच मोठी, झाकण नाही, पाण्याचा थेंब नाही. मेथी तीन-चार मिनिटांत होते. कडा किंचित भाजल्यासारख्या दिसाव्यात, पण काळ्या होऊ देऊ नयेत. मीठ शेवटी, कारण भाजी आक्रसते आणि आधी घातलेले मीठ जास्त होते. वर शेंगदाण्याचे जाडसर कूट घालून लगेच दुसऱ्या भांड्यात काढावी. लोखंडात राहिली तर काळी पडते. लिंबू पानात वाढल्यावर पिळावे. पोकळा-माठाची कोवळी देठे टाकू नयेत. शेपूत भिजवलेली मूगडाळ घालावी. अंबाडी मात्र आंबट, ती अशी बरी लागत नाही.

परदेशात केल नावाची पालेभाजी तेल-मीठ लावून भट्टीत कुरकुरीत भाजतात आणि आरोग्याची म्हणून आवडीने खातात. आपल्याला भट्टी नको, भाकरीचा तवा पुरे.

यातली प्रत्येक गोष्ट कामाची आहे. तेलामुळे भाजीतले ‘अ’ जीवनसत्त्व देणारे द्रव्य अंगी लागते. भाजीतले लोह सहजी अंगी लागत नाही, लिंबाच्या आंबटाने ते अधिक लागते. उलट जेवणाबरोबर चहा घेतला तर तो लोह अडवतो. म्हणून जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर असावे. पालकात लोह रोखणारे द्रव्य जास्त असते, तेव्हा एका पालकावरच भिस्त ठेवू नये. आणि मूतखडा झालेल्यांनी डॉक्टरांना विचारून खावा.

आता मुख्य गोष्ट. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, आपल्या देशातील १५ ते ४९ वयाच्या दर शंभर स्त्रियांत ५७ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. त्याच वयाच्या पुरुषांत हा आकडा २५. स्त्रियांचे रक्त पाळीत आणि बाळंतपणात जाते, हे खरे. पण पानातले अंतर कोणी मोजायचे?

माझ्या धाकट्या जाऊबाईंना सातव्या महिन्यात जिना चढताना अंधारी येऊ लागली. रक्त तपासले, तर हिमोग्लोबिन ८. गरोदरपणी ते ११ तरी हवे. डॉक्टरांनी विचारले, “पालेभाजी खाता का?” त्या म्हणाल्या, “रोज करते की.” डॉक्टर म्हणाले, “करता का ते नाही विचारले, बाई. खाता का?” जाऊबाई गप्प झाल्या. मीही गप्पच होते. कारण घरातले सगळे जेवून उठल्यावर भांड्यात काय उरते, ते आम्हा दोघींनाही ठाऊक होते. त्यांना लोहाच्या गोळ्या दिल्या, त्या त्यांनी नेमाने घेतल्या. नुसत्या भाजीने एवढी कमतरता भरून निघत नाही, हे ध्यानात ठेवावे. पण त्या दिवसापासून आमच्या घरी भाजी तव्यावरून उतरली, की आधी आम्हा दोघींच्या वाट्या काढून ठेवतो. सासूबाई पहिल्यांदा नवलाने पाहत होत्या. हल्ली त्याच विचारतात, “तुमच्या वाट्या काढल्या का गं?”

हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था सांगते, की मोठ्या माणसाने रोज १०० ग्रॅम पालेभाजी खावी. म्हणजे पाच माणसांच्या घरी निवडलेली अर्धा किलो भाजी हवी. भाजल्यावर ती इतकीशी होते, की शेवटी बसणारीच्या वाट्याला लसणीच्या पाकळ्याच राहतात. म्हणून एक जुडी जास्त आणावी. ती महाग पडत नाही, आजारपण पडते.

भगिनींनो, मुलाबाळांचे, पाहुण्यांचे पान भरणे हा आपला आनंद आहे, तो सोडा असे मी म्हणत नाही. पण आपली वाटी आधी काढणे म्हणजे कोणाच्या तोंडचा घास घेणे नव्हे. आणि आपल्या मुली आपल्याकडे पाहूनच शिकतात. आई शेवटचे, उरलेले खाते हे त्यांनी पाहिले, तर उद्या त्याही तेच करतील.