घर हलवताना : यादी, पावती आणि माणूस

(आपल्या सोसायटीच्या रौप्य महोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



खामगावला लोक रजतनगरी म्हणतात. चांदीच्या गावात आपल्या सोसायटीची चांदीची पंचविशी साजरी होते आहे, याचा मला मनापासून आनंद आहे. अध्यक्षांनी मला सांगितलं, "काका, तुम्ही पहिल्या दहा सभासदांपैकी. जुन्या आठवणी सांगा." आठवणी सगळेच सांगणार आहेत. म्हणून मी एकच विषय घेतला, घर हलवण्याचा. पंचवीस वर्षांत या जिन्यावरून किती कपाटं चढली आणि किती उतरली, याचा हिशेब कोणाकडेच नाही. सहा वर्षं मी खजिनदार होतो, माझ्याकडेही नाही.

बँकेच्या नोकरीत माझ्या नऊ बदल्या झाल्या. आम्हा बँकवाल्यांना सामान हलवण्याची एक शिस्त होती. इंडियन बँक्स असोसिएशनच्या, म्हणजे आयबीएच्या, मान्यता यादीतला ट्रान्सपोर्टर बघायचा, सामानाची यादी करायची, बिल्टी घ्यायची आणि मगच बिल मंजुरीला पाठवायचं. बिल्टी नसेल तर बिल परत यायचं. त्या वेळी आम्ही या कागदांना कंटाळायचो. त्यांची किंमत मला निवृत्तीनंतर कळली.

पंचवीस वर्षांपूर्वी आम्ही गावातल्या जुन्या गल्लीतून इथे आलो. गल्ली अशी की समोरून सायकल आली तर एकाने ओट्यावर चढायचं. कोजागरीपासून मोठ्या देवीचा उत्सव सुरू झाला की तिथे पाय ठेवायला जागा नसायची. ट्रक आत येणं शक्यच नव्हतं. मी बाजारातल्या हमालांच्या मुकादमाला बोलावलं. तो आदल्या दिवशी आला, घर फिरून बघितलं, जिना बघितला, गल्लीचं तोंड पावलांनी मोजलं. मग म्हणाला, "साहेब, सामान हातगाड्यावर गल्लीच्या बाहेर काढा लागते, तिथून मेटाडोर. सा मानसं, इतके पैसे. याच्यावर एक रुपया मांगनार नाई." दुसऱ्या दिवशी प्रत्येक डाग त्याने मोठ्याने मोजला आणि इथे तिसऱ्या मजल्यावर आल्यावर पुन्हा मोजला. त्रेचाळीस डाग निघाले, त्रेचाळीस पोचले. त्याच्याजवळ कागद नव्हता, पण मोजणी होती. ज्यांनी क्विंटलची पोती पाठीवर वाहिली, त्यांना आमचं गोदरेजचं कपाट म्हणजे काही विशेष नव्हतं.

आता दुसरा प्रसंग. तीन वर्षांपूर्वीचा, पुण्याचा.

माझा मुलगा सदाशिव पेठेत भाड्याने राहायचा. त्याच पेठेत चार गल्ल्या सोडून दुसऱ्या इमारतीत त्याला फ्लॅट मिळाला. त्याने फोनवर एका मूव्हर्सवाल्याचा भाव घेतला, चौदा हजार. दुसऱ्या एकाने घर बघून एकवीस सांगितले होते. मुलाने मला विचारलं आणि मी इथे बसून सल्ला दिला, "चार गल्ल्यांचं तर काम, एकवीस कशाला? स्वस्त आहे तो घे." पाच हजार आगाऊ मोबाइलवरून गेले. आम्ही दोघं मदतीला म्हणून पुण्याला गेलो.

ज्यांनी पुण्याच्या पेठा बघितल्या आहेत त्यांना माहीत आहे. एका बाजूला सम तारखेचं पार्किंग, दुसऱ्या बाजूला विषम तारखेचं, मध्ये जेमतेम एक गाडी. टेम्पो दारात उभा राहू शकला नाही, तो लांब रस्त्यावर थांबला. बरोबर आलेली माणसं त्या कंपनीची नव्हतीच, सकाळी नाक्यावरून उचललेली होती. सगळं सामान भरून झालं, घर रिकामं झालं आणि मग सुपरवायझर म्हणवणारा पुढे आला. लांबून वाहावं लागलं त्याचे जादा, जिन्याचे जादा, सोफा उघडला त्याचे जादा, एकूण एकतीस हजार. नाही दिले तर सामान गोदामात जाईल आणि गोदामाचं भाडं रोजचं.

मी बँकेत हजारो कर्जप्रकरणं तपासली. शिक्का थोडा पुसट असला तरी फाइल परत करायचो. त्या दिवशी मी मुलाचा फोन हातात घेतला आणि कराराच्या नावाने जे होतं ते वाचलं. दोन ओळींचा मेसेज होता. पत्ता नव्हता, जीएसटी क्रमांक नव्हता, सामानाची यादी नव्हती. वर "आयबीए मान्यताप्राप्त" असं मात्र झोकात लिहिलं होतं. ती यादी मी आयुष्यभर वापरली होती आणि त्या एकाच दिवशी बघायची राहिली. मग बघितली, त्यात हे नाव नव्हतं.

चार तास वाद झाला. सूनबाई लहान बाळाला घेऊन शेजाऱ्यांकडे बसली होती. शेवटी पंचवीस हजारांवर तुटलं. रात्री खोकी उघडली तर एक खोकं कमी. त्यात सूनबाईने देवघराचं सामान भरलं होतं. निरांजन, तांब्या, फुलपात्र, आमच्या लग्नात माझ्या सासऱ्यांनी खामगावच्या सराफ्यातून घेतलेलं. माझ्या पत्नीने ते मोठ्या हौसेने सुनेला दिलं होतं. चांदी खोक्यात घालू नये हे सुनेला सांगायचं राहिलं, कारण त्या वेळी मी पैसे कसे वाचतील ते सांगत होतो.

तक्रार करायला गेलो तर पहिला प्रश्न, खोकी किती होती? यादी नाही. दुसरा प्रश्न, पावती कुठे आहे? पावती नाही. मुलगा मला एका शब्दानेही काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

नंतर मी कायदा वाचला. आपल्याकडे १८६५ चा इंग्रजांच्या काळचा वाहतूकदारांचा कायदा होता. त्याच्या जागी २००७ चा रस्त्याने मालवाहतुकीचा कायदा आला आणि तो १ मार्च २०११ पासून लागू झाला. त्याप्रमाणे माल पाठवणाऱ्याने मालाचं वर्णन आणि किंमत लिहून द्यायची असते आणि वाहतूकदाराने पावती द्यायची असते. जादा जोखमीचा दर ठरवून दिला नसेल तर भरपाई साधारण भाड्याच्या दहापटीपर्यंत मिळते, तीही लिहून दिलेल्या किमतीच्या आतच. आणि दावा करायचा तर बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. म्हणजे सगळा डोलारा त्या एका पावतीवर उभा आहे. ग्राहक म्हणूनही दाद मागता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, आणि १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. तो प्रत्येकाने मोबाइलमध्ये ठेवावा.

तरुण मंडळी पुण्या-मुंबईला, नागपूरला घरं बदलत असतात. त्यांना माझं एवढंच सांगणं आहे.

एक, घर न बघता फोनवर भाव सांगणाऱ्याला काम देऊ नका. दोन्हीकडचे जिने, लिफ्ट, गल्लीची रुंदी, गाडी कुठे उभी राहील, हे सगळं त्याला दाखवा आणि भावात धरून लिहून घ्या.

दोन, आयबीएचं नाव आणि जीएसटी क्रमांक स्वतः तपासा, पाच मिनिटांचं काम आहे.

तीन, खोक्यांवर क्रमांक टाका, यादीवर दोघांच्या सह्या घ्या आणि भरलेल्या खोक्यांचे फोटो काढा.

चार, पूर्ण पैसे आधी देऊ नका. सामान मोजून घेतल्यावर शेवटचा हप्ता द्या.

पाच, चांदी-सोनं, कागदपत्रं, औषधं आणि देव आपल्या पिशवीत, आपल्या मांडीवर.

आता तिसरा प्रसंग. हा सांगायला मला थोडं जड जातं आहे, पण घरचीच सभा आहे.

नऊ वर्षांपूर्वी आपल्या इमारतीत एक कुटुंब राहायला आलं. मे महिना होता, पारा ४४-४५ वर. हमालांनी भरदुपारी कपाट चढवलं. संध्याकाळी आम्हाला दिसलं की दुसऱ्या मजल्यावरच्या कोट्याच्या पायरीची कड तुटली आहे. मी खजिनदार. मी हमालांच्या मजुरीतून सहाशे रुपये कापून घ्यायला लावले आणि सोसायटीच्या पावतीपुस्तकात रीतसर पावती फाडली. त्यांच्यातला एक तरुण पोरगा म्हणाला, "साहेब, हे पहिलेच तुटेल व्हतं. पैसे ठेवा, पन आमाले खोटं नोका म्हनू." मी म्हटलं, सगळे असंच म्हणतात.

या स्मरणिकेसाठी जुने फोटो शोधा असं समितीने सांगितलं, म्हणून मी अल्बम काढले. त्यात त्याच्या आदल्या वर्षीच्या कोजागरीचा एक फोटो निघाला. सगळी मुलं जिन्यात ओळीने बसली आहेत, हातात दुधाचे पेले आहेत. आणि मधल्या पोराच्या पायाजवळ तीच पायरी. कड तुटलेली.

दोन दिवस मला झोप लागली नाही. पुण्यात ज्याच्याजवळ कागद मागायचा त्याच्यावर मी विश्वास ठेवला, आणि इथे ज्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा त्याच्याकडून पैसे कापले.

आपल्या महाराष्ट्रात अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून १९६९ साली माथाडी कायदा झाला. डोक्यावर-पाठीवर ओझं वाहणाऱ्या माणसाला मजुरीची हमी मिळावी म्हणून असा कायदा आपल्या राज्यात झाला. पण घरगुती सामान वाहणाऱ्या हमालाची मजुरी अजूनही आपल्यासारख्यांच्या दारात, आपल्या मर्जीवर ठरते.

मी बाजारात जाऊन चौकशी केली. तो पोरगा आता पोरगा राहिला नाही, त्याचा स्वतःचा छोटा हत्ती आहे. मी त्याला फोटो दाखवला आणि पाकीट दिलं. सहाशे रुपये आणि नऊ वर्षांचं व्याज. बँकेची सवय, दुसरं काय! त्याने पैसे माझ्यासमोर मोजून घेतले. "राहू द्या" म्हणाला नाही, आणि ते मला बरं वाटलं. मग म्हणाला, "काकाजी, त्या दिवशी घरी गेलो तं बायको म्हने, पैसे कमी काहून आनले? तिलेबी खरं वाटलं नवतं."

मित्रहो, सहाशे रुपये परत करता आले. हे मात्र परत करता आलं नाही.

म्हणून रौप्य महोत्सवाच्या निमित्ताने माझ्या तीन सूचना आहेत. कोणी राहायला येताना किंवा जाताना जिन्याचे फोटो आधी आणि नंतर काढावेत, आणि नुकसान झालंच तर ते सभासदाशी बोलून मिटवावं, हमालाच्या मजुरीला हात लावू नये. उन्हाळ्यात दुपारी बारा ते चार सामान चढवू-उतरवू नये. आणि जिन्याखाली पिण्याच्या पाण्याचा माठ असावा. माठ आणि त्यावरचं झाकण माझ्याकडून.

शेवटचं. मुलगा म्हणतो, आता पुण्याला या. पण हिच्या गुडघ्यांना तीन मजले झेपत नाहीत, आणि मला हे गाव सोडवत नाही. म्हणून आम्ही तळमजल्याचा रिकामा फ्लॅट घेतला आहे. पुढच्या महिन्यात आम्ही खाली येतो आहोत. काम त्याच छोटा हत्तीवाल्याला दिलं आहे. गाडीची गरज नाही, फक्त माणसं. तो परवा घर बघून गेला, भाव सांगितला, मी घासाघीस केली नाही. जाता जाता जिन्यात थांबून मला म्हणाला, "काकाजी, यादी करून ठेवा बरं. तुमचीबी सही, माहीबी सही."

यादी तयार आहे. सामान लागल्यावर सगळ्यांनी चहाला या, जिने चढायचे नाहीत.