विशेषणांच्या सोयरिकी

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



आजच्या दिवशी चार शब्द बोलण्याचा मान मला दिलात, याबद्दल मी तुमची आभारी आहे. ‘तुमची आभारी’ हे दोन शब्द जरा लक्षात ठेवा. ‘तुमच्यावर आभारी’ असे कोणी म्हणत नाही, ‘तुमच्याशी आभारी’ असेही म्हणत नाही. तसेच पोरगा गणितात कच्चा असतो, पेरू चवीला गोड असतो, मुलगी अंगाने सडपातळ असते, सासू सुनेवर खूश असते, गडी कामाशी प्रामाणिक असतो. प्रत्येक विशेषणाची सोयरीक ठरलेली आहे. कोणाला ‘त’ लागतो, कोणाला ‘ला’, कोणाला ‘ने’, ‘वर’ किंवा ‘शी’. हे आपल्याला कोणी पाठ करायला लावले नाही. जात्यावर, पाणवठ्यावर, आईच्या मांडीवर ते आपोआप कानी पडले.

इंग्रजी विशेषणांच्याही अशाच सोयरिकी असतात, आणि चिटणीसबाईंच्या सूचनेवरून मी आज त्यांविषयीच बोलणार आहे. आंबेगाव तालुक्यातील एका शाळेत मी पुष्कळ वर्षे इंग्रजी शिकवले. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. त्याआधी शिकलेल्या बहुतेक आयांना ते पाचवीत भेटले आणि थोड्याच वर्षांत सुटलेही. मग मूल वही घेऊन आले की आई म्हणते, “मला नाही रे त्यातले कळत, बाईंना विचार.” दोन-चार वेळा असे झाले की मूल विचारायचेच सोडते, आणि आई अभ्यासातून बाजूला होते. मला वाटते, हे नुकसान इंग्रजीच्या गुणांपेक्षा मोठे आहे. म्हणून जे तुम्हाला मराठीत येतेच, त्याच्याच आधाराने ही वाट दाखवते.

पहिली गोष्ट क्रमाची. ‘गणितात हुशार’ म्हणताना आपण आधी नाम घेतो, त्याच्या पाठीला प्रत्यय लावतो आणि विशेषण शेवटी ठेवतो. इंग्रजीत हीच वरात उलटी चालते: आधी ‘गुड’, मग ‘ॲट’, मग ‘मॅथ्स’. दुसरी गोष्ट रूपाची. प्रत्यय लागताना आपले नाम बदलते. ‘आंबा’चे ‘आंब्याला’ होते. इंग्रजीत नाम तसेच राहते, पण सर्वनाम बदलते. मुलगी पहिली आली तर ‘आय ॲम प्राउड ऑफ हर’ म्हणावे. ‘प्राउड ऑफ शी’ होत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. प्रत्ययाला प्रत्यय जुळवून भाषांतर करता येत नाही. ‘आई माझ्यावर रागावली’ यातील ‘वर’ पाहून मूल ‘अँग्री ऑन मी’ लिहिते. इंग्रजीत ते ‘अँग्री विथ मी’ असते. ‘त्याच्याशी लग्न झालेली’ यातील ‘शी’ धरून ‘मॅरीड विथ’ लिहिले जाते. हवे असते ‘मॅरीड टु’. ‘ती बिबट्याला भिते’ हे वाक्य आपल्या जुन्नर-आंबेगावात कोणाला समजावून सांगायला नको. तिन्हीसांजेला उसाच्या कडेने जाणाऱ्या प्रत्येक बाईला ते ठाऊक आहे. तेथे ‘ला’ आहे म्हणून ‘टु’ घालायचे नाही. ‘अफ्रेड’ची सोयरीक ‘ऑफ’शी आहे. ‘प्राउड’, ‘फॉन्ड’, ‘फुल’ हेही त्याच घरचे. ‘इंटरेस्टेड’ला ‘इन’ लागतो, ‘डिपेंडंट’ला ‘ऑन’ आणि ‘डिफरंट’ला ‘फ्रॉम’.

कधी कधी एकाच विशेषणाला दोन-तीन घरी जाता येते. मात्र घर बदलले की अर्थ बदलतो. शिवणकामात हुशार बाई ‘गुड ॲट’, नाचणीची भाकरी प्रकृतीला ‘गुड फॉर’ आणि अडीअडचणीला धावणारी शेजारीण आपल्याशी ‘गुड टु’. आपल्याच मुलखाचे उदाहरण घ्या. नारायणगाव टोमॅटोच्या बाजारासाठी ‘नोन फॉर’, शिवनेरी शिवरायांचे जन्मस्थान म्हणून ‘नोन ॲज’, आणि या दोन्ही गोष्टी आपणा सर्वांना ‘नोन टु’. हे तिन्ही मुलांना एकदा तोंडी म्हणायला लावा, म्हणजे निराळा पाठ द्यावा लागणार नाही.

या सोबत्याच्या पुढे क्रियापद आले तर काय करावे? त्याला नामासारखे करून घ्यावे. आपण ‘वाचची आवड’ म्हणत नाही, ‘वाचण्याची आवड’ म्हणतो. इंग्रजीतही ‘रीड’चे ‘रीडिंग’ होते आणि ‘फॉन्ड ऑफ रीडिंग’ तयार होते. पुढे आख्खे वाक्यच आले तर सोबती गळून पडतो: ‘अफ्रेड ऑफ लेपर्ड्ज’, पण ‘अफ्रेड दॅट’ आणि मग वाक्य. प्रश्नात मात्र तो शेवटी एकटाच उभा राहतो: ‘व्हॉट आर यू अफ्रेड ऑफ?’ मराठीत ‘कशाची?’ या एका शब्दात प्रत्यय आत दडलेला असतो, म्हणून आपली मुले तो शेवटचा ‘ऑफ’ हमखास विसरतात. वही तपासताना तेवढेच पाहिलेत तरी पुष्कळ झाले.

हे केवळ परीक्षेपुरते आहे असे समजू नका. बचत गटाच्या कर्जाचे कागद पुष्कळदा इंग्रजीत असतात. त्यांत ‘लाएबल फॉर’ दिसले, तर पुढे लिहिलेली रक्कम फेडण्याचे दायित्व सही करणारीवर येते. ‘एलिजिबल फॉर’ म्हणजे त्या योजनेस पात्र. परंतु पात्र ठरणे वेगळे आणि मंजुरी मिळणे वेगळे. ‘रिस्पॉन्सिबल’च्या पुढे ‘फॉर’ असेल तर कशाची जबाबदारी ते कळते, ‘टु’ असेल तर जाब कोणाला द्यायचा ते कळते. आपल्या खजिनदारबाई पैशांबद्दल ‘फॉर’ आणि सभासदांना ‘टु’! दवाखान्याच्या कागदावर ‘ॲलर्जिक टु’ असेल तर त्यापुढचा शब्द नीट वाचा. जे औषध किंवा जो पदार्थ त्या माणसाला सोसत नाही, त्याचे नाव तेथे असते. नव्या डॉक्टरांकडे गेल्यावर ते आधी सांगायला हवे. दोन अक्षरांचा शब्द, पण त्याच्या पुढे काय लिहिले आहे यावर पैसा आणि कधी कधी जीवही अवलंबून असतो.

कोणी म्हणेल, या जोड्यांमागे कारण काय? थोडे कारण असते, बाकीचे वहिवाटीचे असते, आणि वहिवाट काळाबरोबर बदलते. त्याचा पुरावा आपल्याच जुन्नर तालुक्यात, नाणेघाटाच्या लेण्यात कोरलेला आहे. सातवाहनांची राणी नागनिका हिच्या नावाने ओळखला जाणारा तेथील ब्राह्मी लिपीतील लेख सुमारे दोन हजार वर्षांचा आहे. त्याच्या आरंभी देवांना वंदन आहे. संस्कृतात ‘नमः’ला चतुर्थी लागते, म्हणून ‘इंद्राय नमः’ म्हणतात. नाणेघाटात प्राकृतातून ‘इंदस नमो’ असे लिहिले आहे. तेथे चतुर्थीच्या जागी षष्ठी येऊन बसली आहे, जणू ‘इंद्राला’ऐवजी ‘इंद्राचे’. ‘नमः’ हे विशेषण नाही, पण न्याय तोच आहे. राणीच्या लेखातही त्या काळच्या वहिवाटीचीच जोडी कोरली गेली. मग आपल्या मुलांना इंग्रजीची वहिवाट अंगवळणी पडायला थोडा वेळ लागला, तर त्यांना मठ्ठ म्हणण्याचे कारण नाही.

उपाय साधा आहे. नवे विशेषण सुटे लिहू देऊ नका. वहीत ‘अफ्रेड’ असे एकटे न लिहिता ‘अफ्रेड ऑफ’ असे जोडीने लिहून घ्या, आणि समोर घरातले एक वाक्य. रोज दोन जोड्या केल्या तरी महिन्याला साठ होतात. भाकरी थापता थापता विचारा, “प्राउडच्या पुढे काय रे?” उत्तर तुम्हाला आधी ठाऊक असण्याची गरज नाही. वहीत पाहून दोघांनी मिळून शोधावे. आई विचारते आहे एवढ्यानेच मुलाच्या मनातील भीती निम्मी होते.

भगिनींनो, ज्या बाईला मराठीतील एवढे प्रत्यय न चुकता लावता येतात, तिला व्याकरण येत नाही असे मी कधीच मानणार नाही.