फिक्या पेव्हर ब्लॉकना पुन्हा रंग

खालापूर-कर्जतच्या फार्महाऊसांपुढचे लाल पेव्हर ब्लॉक काही पावसाळ्यांतच फिके पडतात. दोष बहुधा रंगाचा नसतो. लोहाच्या ऑक्साइडचा हा रंग उन्हाला दाद देत नाही. झिजते ती वरची सिमेंटची साय, आणि आतली करडी खडी उघडी पडते. त्यात शेवाळ आणि चुन्याचे पांढरे डाग.

ऑइलपेंट फासायचा मोह टाळावा. खालून ओल आली की त्याचे पापुद्रे निघतात.

काँक्रीटचा स्टेन मात्र छिद्रांत मुरतो. आधी ब्लॉक घासून, धुऊन पूर्ण वाळवावेत. मग पाण्याचा थेंब टाकून पाहावा: शोषला गेला, तर स्टेनचे दोन पातळ हात; तसाच राहिला, तर आधी पाणी अडवणारा जुना सीलर काढावा लागतो. आपल्याकडे हे काम पावसाची ओल गेल्यावर, दिवाळीनंतरच काढावं.